पीसी की कन्सोल? पाच वर्षांचा खर्च आपल्या घरापुरता कसा काढायचा

दसरा-दिवाळीचे सेल लागले की हा प्रश्न हमखास कानावर येतो: पोराला प्लेस्टेशनसारखा कन्सोल (टीव्हीला जोडून फक्त गेम खेळायचं यंत्र) घ्यायचा, की गेम चालतील असा कॉम्प्युटर जोडून घ्यायचा? दुकानातल्या दोन पाट्या बघितल्या तर उत्तर सोपं वाटतं. एप्रिल २०२४ मध्ये पीएस५ (प्लेस्टेशन ५) स्लिम भारतात आला तेव्हा डिस्कवाल्या मॉडेलची किंमत ५४,९९० रुपये होती आणि डिस्क नसलेल्याची ४४,९९०. तेवढ्याच ताकदीचा नवा पीसी त्या पैशात तेव्हाही बसत नव्हता, आज तर नाहीच.

पण ही फक्त घरात आणायची किंमत झाली. कन्सोल बनवणाऱ्या कंपन्या यंत्र जेमतेम नफ्यावर विकतात, कधी तोट्यातही. पीएस५ च्या डिस्क मॉडेलवर आता तोटा होत नाही, असं सोनीने सांगितलं ते ऑगस्ट २०२१ मध्ये; म्हणजे बाजारात आल्यावर कित्येक महिने तो तोट्यात विकला जात होता. ही तूट भरून निघते ती पुढे विकल्या जाणाऱ्या प्रत्येक गेमवरच्या कमिशनमधून आणि ऑनलाइन खेळण्याच्या वर्गणीतून. पीसीचं याच्या उलट आहे. ग्राफिक्स कार्ड विकणाऱ्या कंपनीला तुम्ही पुढे कोणता गेम कुठून घेता याच्याशी काही घेणंदेणं नसतं, ती आपला नफा पहिल्याच दिवशी काढून घेते. एकाचा खर्च मागाहून येतो, दुसऱ्याचा आधी. म्हणून तुलना करायची तर पाच वर्षांचीच करावी, आणि ती आपल्या घराचे आकडे घालून.

खाली ज्या रकमांसोबत तारीख किंवा वर्ष आहे त्या जाहीर झालेल्या किमती आहेत. बाकीचे आकडे गणितापुरते धरलेले आहेत. कागद घेऊन बसा आणि त्या जागी तुमच्या गावातले, तुमच्या आठवड्यातले भाव टाका.

पायरी १: आधी खेळांची यादी

पुढच्या दोन-तीन वर्षांत नक्की काय खेळायचं आहे ते लिहून काढा. ही पायरी सोडून थेट प्रोसेसरच्या तुलनेत शिरणारे पुष्कळ आहेत, आणि पैसे वाया जातात ते बहुतेक तिथेच. काउंटर-स्ट्राइक २ आणि डोटा २ हे खेळ पीएस५ किंवा मायक्रोसॉफ्टच्या एक्सबॉक्सवर नाहीतच. मुलाचे सगळे मित्र रात्री काउंटर-स्ट्राइकवर जमत असतील तर घरात कितीही चांगला कन्सोल आणला तरी तो त्या कट्ट्याबाहेरच राहणार. माउस-कीबोर्डवर खेळायचे स्ट्रॅटेजी गेम आणि मॉड (खेळणाऱ्यांनीच केलेले बदल) घालून खेळायचे गेम यांचाही ओढा पीसीकडेच असतो.

दुसऱ्या बाजूला रॉकस्टार या कंपनीचे गेम बघा. जीटीए ५ कन्सोलवर सप्टेंबर २०१३ मध्ये आला, पीसीवर एप्रिल २०१५ मध्ये. रेड डेड रिडेम्प्शन २ कन्सोलवर ऑक्टोबर २०१८ मध्ये, पीसीवर वर्षभराने. जीटीए ६ साठी १९ नोव्हेंबर २०२६ ही तारीख जाहीर झाली ती पीएस५ आणि एक्सबॉक्स सिरीज एक्स व एस यांच्यासाठी. सोनीचे स्वतःचे मोठे गेमही पीसीवर उशिरा येतात: घोस्ट ऑफ त्सुशिमा प्लेस्टेशनवर जुलै २०२० मध्ये आला आणि पीसीवर मे २०२४ मध्ये. वाट बघायची तयारी असेल तर हा फरक शून्य धरा. नसेल तर यादीनेच निर्णय दिला, पुढचं गणित फक्त खिशाला किती चाट बसणार हे कळण्यापुरतं करा.

फुटबॉल, क्रिकेट, गाड्यांच्या शर्यती हे बहुतेक दोन्हीकडे मिळतं. इथे मित्रांकडे काय आहे ते विचारा. काही गेममध्ये पीसीवाले आणि कन्सोलवाले एकत्र खेळू शकतात, फोर्टनाइट आणि रॉकेट लीग ही त्यातली ठळक नावं. पण सगळ्या गेममध्ये तसं नसतं, म्हणून यादीतल्या प्रत्येक नावापुढे हे तपासून लिहा.

पायरी २: घरात काय आहे आणि काय घ्यावंच लागणार आहे

निकाल सगळ्यात जास्त फिरतो तो या पायरीवर, त्यामुळे इथे घाई नको.

पहिली गोष्ट पडदा. हॉलमध्ये ४३ किंवा ५५ इंची फोरके टीव्ही आहे, म्हणून कन्सोलला पडद्याचा खर्च नाही, असं आपण पटकन धरतो. तो टीव्ही संध्याकाळी सात ते दहा कोणाच्या ताब्यात असतो? घरात मालिका किंवा क्रिकेटचे सामने चालू असतील तर खेळणाऱ्याला वेगळा पडदा लागणारच, आणि मग मॉनिटरचे १२ ते १५ हजार कन्सोलच्या खात्यातही लिहायला हवेत. टीव्ही खरोखर मोकळा असेल तर पीसीलाही तोच वापरता येतो, एचडीएमआय केबल लावली की झालं. म्हणजे पडदा एक तर दोन्ही खात्यांत धरा किंवा कुठेच धरू नका. पीसीच्या हिशेबात मॉनिटर आणि कन्सोलच्या हिशेबात फुकटचा टीव्ही, अशी तुलना एकतर्फी होते. टीव्ही वापरणार असाल तर त्यात गेम मोड आहे का आणि तो १२० हर्ट्झचा (सेकंदाला १२० फ्रेम, म्हणजे चित्रं, दाखवणारा) आहे का हे मात्र बघा. साध्या ६० हर्ट्झच्या टीव्हीवर गेम छान दिसतात, फक्त १२० फ्रेमच्या नावाखाली जास्तीचे पैसे कुठे देऊ नका.

दुसरी गोष्ट कॉम्प्युटर. पुढच्या वर्षभरात घरात अभ्यासाला किंवा कामाला कॉम्प्युटर घ्यायचाच आहे का? उत्तर हो असेल तर तुलना "पीसी विरुद्ध कन्सोल" अशी राहत नाही. ती "गेमिंग पीसी विरुद्ध कन्सोल अधिक साधा लॅपटॉप" अशी होते. साधा लॅपटॉप ४५ हजारांचा धरला तर कन्सोलची बाजू एकदम एक लाखावर जाते. उत्तर नाही असेल, ऑफिसने दिलेला लॅपटॉप पुरेसा असेल, तर "पीसीवर इतर कामंही होतात" या फायद्याला तुमच्या घरात किंमत नाही. तो लिहू नका.

पण विद्यार्थ्याला कॉम्प्युटर उचलून न्यावा लागणार असेल तर डेस्कटॉप त्या गरजेला उपयोगाचा नाही. पुण्याला किंवा सांगलीला हॉस्टेलवर राहणाऱ्या मुलासाठी गेमिंग डेस्कटॉप घेतला तरी वर्गात न्यायला लॅपटॉप लागतोच. या एका मुद्द्याने सगळी बेरीज कशी उलटते ते पुढे दाखवतो.

घरात जुना डेस्कटॉप पडून असेल तर नवीन काही घेण्याआधी तो उघडा. आठव्या पिढीचा इंटेल आय५ किंवा त्यापुढचा प्रोसेसर असेल तर विंडोज ११ अधिकृतपणे चालतं. विंडोज १० चा पाठिंबा १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, म्हणून हे बघणं महत्त्वाचं. अशा मशीनमध्ये ग्राफिक्स कार्ड, जरा रॅम आणि चांगला एसएमपीएस (आतल्या भागांना वीज पुरवणारा डबा) घातला की पूर्ण नव्या पीसीच्या निम्म्या खर्चात काम होऊ शकतं. ब्रँडेड ऑफिस डेस्कटॉपच्या बाबतीत मात्र तीन गोष्टी मोजून घ्या: कॅबिनेटमध्ये कार्डाची लांबी आणि उंची बसते का, एसएमपीएस किती वॅटचा आहे, आणि त्याचा कनेक्टर त्या कंपनीचा खास तर नाही ना. तिसरी गोष्ट नडली तर एसएमपीएस बदलता येत नाही आणि बेत तिथेच थांबतो.

ज्यांचा स्वतःचा व्यवसाय आहे, म्हणजे डिझाइन, व्हिडिओ एडिटिंग किंवा सॉफ्टवेअर, त्यांनी आणखी एक ओळ लिहावी. कामासाठी घेतलेल्या कॉम्प्युटरवर प्राप्तिकरात ४० टक्के दराने घसारा मिळतो आणि जीएसटी नोंदणी असेल तर भरलेल्या कराची वजावटही मिळू शकते. कन्सोलला हे लागू होणं कठीण. किती भाग कामाचा आणि किती खेळाचा, हे आपल्या सीएला विचारून ठरवा.

पायरी ३: तोडीचा पीसी ठरवा

तुलनेला दीड लाखाचा पीसी घेतला तर कन्सोल जिंकणारच, आणि तीस हजारांचा घेतला तर ती तुलनाच नव्हे. पीएस५ मध्ये आठ कोअरचा झेन २ प्रोसेसर, १०.२८ टेराफ्लॉप्सचं आरडीएनए २ ग्राफिक्स आणि दोघांत मिळून १६ जीबी मेमरी आहे. बाजारातल्या भाषेत त्याच्या जवळ जाणारी जुळणी म्हणजे रायझन ५ ५६०० सारखा सहा कोअरचा प्रोसेसर, १६ जीबी रॅम, १ टीबी एनव्हीएमई एसएसडी (वेगवान साठवण) आणि आरएक्स ७६०० किंवा आरटीएक्स ४०६० च्या वर्गातलं ग्राफिक्स कार्ड. या वर्गातली बरीच कार्डं ८ जीबी मेमरीची असतात. १०८०पी (फुल एचडी) वर ती चालतात, पण पाच वर्षांचा विचार असेल आणि थोड्या फरकात १२ किंवा १६ जीबीचं कार्ड मिळत असेल तर मी तेच घेईन. नवे गेम सगळ्यात आधी कार्डाच्या मेमरीवरच अडतात.

मुंबईत लॅमिंग्टन रोडवरच्या दोन-तीन दुकानांतून आणि एखाद्या ऑनलाइन दुकानातून कोटेशन घ्या. त्यात प्रत्येक भागाचं पूर्ण मॉडेल नाव लिहून मागा. "१६ जीबी रॅम, ५५० वॅट एसएमपीएस" एवढंच लिहिलेलं कोटेशन काही कामाचं नाही. काटकसर बहुतेक वेळा एसएमपीएसवर होते, कारण तो गिऱ्हाइकाला दिसत नाही. नाव नसलेला स्वस्त एसएमपीएस बिघडताना बोर्ड आणि कार्डालाही सोबत नेऊ शकतो. ८० प्लस ब्राँझ दर्जाचा (वीज कमी वाया घालवतो असं प्रमाणपत्र असलेला), नावाजलेल्या कंपनीचा घ्या आणि तिथले दीड-दोन हजार वाचवू नका.

रॅमबद्दल सध्या वेगळं सांगावं लागतं. एआयच्या डेटा सेंटरकडे मेमरीचा माल वळल्यामुळे २०२५ च्या अखेरीपासून रॅम आणि एसएसडीचे भाव जोरात चढले. मायक्रॉनने तर डिसेंबर २०२५ मध्ये घरगुती ग्राहकांसाठीचा आपला क्रूशियल ब्रँडच बंद करत असल्याचं जाहीर केलं. त्यामुळे २०२४ किंवा २०२५ च्या सुरुवातीचे "साठ हजारात पीसी" सांगणारे व्हिडिओ बघून बजेट बांधू नका. गणितासाठी मी या पीसीचे ७५,००० रुपये धरतो. त्यात विंडोजचे १०,००० आणि कीबोर्ड-माउसचे २,००० मिळवा. कोटेशनमध्ये विंडोजची ओळ बहुधा नसतेच. विंडोजऐवजी लिनक्स घातलं तर ते फुकट आहे आणि स्टीम या ऑनलाइन दुकानातले पुष्कळ गेम त्यावर आता चालतात, पण व्हॅलोरंटसारखे कडक अँटी-चीट (लबाडी पकडणारी यंत्रणा) असलेले गेम तिथे चालत नाहीत. यादी बघून ठरवा.

जुनं ग्राफिक्स कार्ड घेऊन दहा-बारा हजार वाचवता येतात. घेणार असाल तर समोर अर्धा तास जड गेम चालवून बघा, मूळ बिल मागा आणि वॉरंटी किती उरली ते सिरियल नंबरवरून तपासा.

पायरी ४: कन्सोलच्या खोक्यात नसलेल्या वस्तू

हे लवकर आटोपतं. खोक्यात एक कंट्रोलर येतो. दोन भावंडं असतील तर दुसरा लागतो, साधारण सहा हजारांचा. पाच वर्षांत कंट्रोलरची काठी आपोआप सरकायला लागणं ही नेहमीची तक्रार आहे, म्हणून रोज खेळणाऱ्याने आणखी एकाची तरतूद ठेवावी. पीसीवाल्याला कंट्रोलर सोबत मिळतच नाही, तो त्याच्या खात्यात लिहा. साठवण कमी पडली तर पीएस५ मध्ये बाजारातला चौथ्या पिढीचा एनव्हीएमई एसएसडी घालता येतो, एक्सबॉक्स सिरीज एक्स आणि एस यांना मात्र त्यांचं खास कार्ड लागतं, आणि ते महाग पडतं. दोन्ही यंत्रांत पीएस४ काळातली बाहेरची हार्ड डिस्क जुने गेम चालवायला उपयोगी पडते.

वीज वारंवार जात असेल तर दोन्हींना यूपीएस हवा. साध्या कॉम्प्युटरला चालणारा ६०० व्हीएचा यूपीएस गेमिंग पीसीच्या भाराखाली तग धरत नाही, तिथे ११०० व्हीएच्या आसपासचा बघा. अर्थिंग नीट आहे का हे इलेक्ट्रिशियनकडून तपासून घ्या, हा खर्च कुठल्याच हिशेबात न धरता करावा असा आहे.

पायरी ५: खेळांचा खर्च

यंत्राचे पैसे एकदाच जातात, खेळांचे दरवर्षी. म्हणून या ओळीचं वजन जास्त.

पीएस५ वरच्या मोठ्या नव्या गेमची किंमत भारतात पाच हजारांच्या आसपास असते. पीसीवर मोठ्या कंपन्यांचे गेम आता फार स्वस्त राहिलेले नाहीत; घोस्ट ऑफ त्सुशिमाची पीसीवरची किंमत ३,९९९ रुपये होती. फरक पडतो तो वर्ष-दोन वर्षांनी. स्टीमचे उन्हाळी, शरद आणि हिवाळी सेल ठरलेले असतात, आणि जुने गेम तिथे पाव किमतीत, कधी त्याहून कमीत मिळतात. एपिक गेम्स स्टोअर २०१८ पासून नियमितपणे गेम फुकट देत आलं आहे, मे २०२० मध्ये तर जीटीए ५ सुद्धा दिला होता. स्टीमवर घेतलेला गेम आवडला नाही तर १४ दिवसांच्या आत आणि दोन तासांपेक्षा कमी खेळला असेल तर पैसे परत मिळतात. प्लेस्टेशन स्टोअरवर मुदत तेवढीच आहे, पण गेम डाउनलोड करायला घेतला की तो हक्क जातो, म्हणजे चाखून बघायची सोय नाही. सोनीच्या दुकानातही सेल लागतात, पण तिथे दुकान एकच आहे. पीसीवर चार दुकानं एकमेकांशी स्पर्धा करतात.

कन्सोलच्या बाजूला याला तोडीस तोड उत्तर एकच आहे, डिस्क. डिस्क पुन्हा विकता येते, मित्राशी बदलता येते, वापरलेली घेता येते. साडेतीन हजारांना घेतलेला गेम संपवून दोन हजारांना विकला तर तो दीड हजारात खेळून झाला. दोन मॉडेलमधला दहा हजारांचा फरक असे पाच गेम फिरवले की वसूल होतो, म्हणूनच वर्षाला दोन-तीन तरी मोठे गेम खेळणाऱ्याने डिस्क नसलेलं मॉडेल घेऊ नये असं मला ठामपणे वाटतं. शहरात जुन्या डिस्कचा बाजार चांगला चालतो. लहान गावात राहत असाल तर कुरिअरने व्यवहार करायची तयारी आहे का तेवढं आधी बघा.

दुबईहून किंवा अमेरिकेहून नातेवाईक डिस्क आणत असतील तर घ्यायला हरकत नाही, पीएस५ च्या डिस्कवर देशाचं बंधन नाही. मात्र त्या गेमचे पुढचे जादा भाग डिस्क ज्या प्रदेशाची त्याच प्रदेशाच्या खात्यावरून घ्यावे लागतात. आणि कन्सोलच परदेशातून आणणार असाल तर तो आपल्या विजेवर चालेल, पण इथली वॉरंटी मिळेल असं धरू नका.

आता वर्गणी. विकत घेतलेला फुटबॉल किंवा शूटिंगचा गेम प्लेस्टेशनवर ऑनलाइन खेळायचा तर पीएस प्लस लागतं. फोर्टनाइटसारख्या फुकट गेमना ते लागत नाही. पीसीवर ऑनलाइन खेळायला वेगळी वर्गणी नसते. सगळ्यात खालच्या श्रेणीचं वर्षाचं पीएस प्लस मी ४,००० रुपये धरतो. पाच वर्षांत ते २०,००० होतात. या वर्गणीत दर महिन्याला काही गेम मिळतात, पण वर्गणी थांबली की तेही थांबतात. वर्गण्यांचे दर सोनी आणि मायक्रोसॉफ्ट या दोन्ही कंपन्यांनी गेल्या काही वर्षांत वाढवले आहेत, त्यामुळे पाच वर्षांसाठी आजचाच दर धरणं हा हात आखडता ठेवून केलेला अंदाज आहे.

पायरी ६: वीज

पीसीमुळे बिल दुप्पट होतं, अशी भीती बरेच पालक बोलून दाखवतात. मोजून बघू. जड गेम चालू असताना पीएस५ साधारण २०० वॅट घेतो, आपला पीसी ३५० वॅट धरू. पडदा दोन्हीकडे सारखाच, तो सोडून देऊ. रोज दोन तास म्हणजे कन्सोलचे वर्षाला १४६ युनिट आणि पीसीचे सुमारे २५५. फरक ११० युनिटच्या आतबाहेर.

महावितरणचा दर १००, ३०० आणि ५०० युनिटच्या टप्प्यांनी चढतो, म्हणून सरासरी दर घेऊ नका. गेमचे युनिट घरच्या वापराच्या वर जमा होतात, त्यांना तुमच्या बिलातला सगळ्यात वरचा लागू असलेला दर लावा, वहन आकार धरून. टप्पा ओलांडला तरी वाढीव दर फक्त ओलांडलेल्या युनिटना लागतो, सगळ्या बिलाला नाही. १२ रुपये युनिट धरले तर कन्सोलचे वर्षाला सुमारे १,७५० आणि पीसीचे ३,०५० रुपये. पाच वर्षांचा फरक साडेसहा हजार. दखल घेण्याजोगा आहे, पण दुसऱ्या कंट्रोलरपेक्षा फार मोठा नाही. एक्सबॉक्स सिरीज एस या सगळ्यात कमी वीज खातो.

पायरी ७: पाच वर्षांनी हातात काय उरतं

पूर्वी कन्सोल जुना होत गेला की स्वस्त व्हायचा, आणि थांबणाऱ्याचा फायदा व्हायचा. या पिढीत तसं झालेलं नाही. फेब्रुवारी २०२१ मध्ये पीएस५ इथे ४९,९९० रुपयांना आला आणि पुढच्याच वर्षी ५४,९९० चा झाला. ऑगस्ट २०२५ मध्ये अमेरिकेतही त्याची किंमत ५० डॉलरनी वाढली. त्यामुळे "पुढच्या वर्षी उतरेल" या आशेवर थांबण्यात अर्थ नाही. दिवाळीच्या सेलसाठी थांबण्यात आहे.

विकताना कन्सोलचं गिऱ्हाईक लवकर मिळतं, कारण त्यात तपासायचं फार नसतं. पीसी सुटा करून विकला तर पैसे जास्त येतात, पण खटपट असते. त्याहून महत्त्वाचा प्रश्न गेमच्या संग्रहाचा. स्टीमवर दहा वर्षांपूर्वी घेतलेला गेम बहुतेक वेळा नव्या पीसीवर तसाच चालतो. पीएस४ चे जवळजवळ सगळे गेम पीएस५ वर चालतात, पण पीएस३ च्या डिस्क पीएस४ वर चालत नव्हत्या. पुढच्या पिढीचं वचन आज कोणी देऊ शकत नाही. आणि पीसीत तिसऱ्या-चौथ्या वर्षी फक्त कार्ड बदलून आयुष्य वाढवता येतं. तसा बेत असेल तर तो खर्च आजच लिहून ठेवा, "नंतर बघू" म्हणून सोडू नका.

पायरी ८: बेरीज

पहिलं घर. हॉलमधला टीव्ही मोकळा असतो, कॉम्प्युटरची गरज नाही, दोघे भाऊ खेळतात, वर्षाला तीन गेम, त्यात ऑनलाइन फुटबॉल.

कन्सोल: डिस्कवालं यंत्र ५४,९९०, दुसरा कंट्रोलर ६,०००. गेम वर्षाला १०,५०० चे, डिस्क विकून ४,५०० परत, म्हणजे पाच वर्षांत ३०,०००. वर्गणी २०,०००, वीज ८,७५०. एकूण १,१९,७४०. शेवटी यंत्र १५,००० ला विकलं तर निव्वळ १,०४,७४०.

पीसी: विंडोज आणि कीबोर्ड-माउससह ८७,०००, दोन कंट्रोलर १०,०००. गेम वर्षाला ७,५०० प्रमाणे ३७,५००, वीज १५,२५०. एकूण १,४९,७५०. शेवटी २०,००० आले तर निव्वळ १,२९,७५०.

या घरात कन्सोल २५ हजारांनी स्वस्त. वर्गणी भरूनही.

दुसरं घर. इंजिनिअरिंगची मुलगी, घरी राहून कॉलेजला जाते. कॉम्प्युटर लागणारच, हॉलचा टीव्ही मिळत नाही. वर्षाला आठ गेम खेळते, एकटीने खेळायचे, सेलमध्ये घेतलेले. इथे पुनर्विक्री दोन्हीकडे सोडून देऊ.

कन्सोल: डिस्क नसलेलं यंत्र ४४,९९०, मॉनिटर १५,०००, साधा लॅपटॉप ४५,०००. आठ गेम सरासरी २,२०० ने, पाच वर्षांत ८८,०००. वीज ८,७५०. एकूण २,०१,७४०.

पीसी: ८७,०००, मॉनिटर १५,०००, कंट्रोलर ५,०००. आठ गेम सरासरी १,००० ने, पाच वर्षांत ४०,०००. वीज १५,२५०. एकूण १,६२,२५०.

पीसी जवळजवळ ४० हजारांनी स्वस्त. आता हीच मुलगी हॉस्टेलवर गेली असं धरा. पीसीच्या खात्यात ४५ हजारांचा लॅपटॉप आला, बेरीज २,०७,२५० झाली आणि कन्सोल साडेपाच हजारांनी पुढे गेला. बाकी एकही आकडा बदललेला नाही. अशा वेळी तिसरा रस्ता बघायलाच हवा: ९० हजारांचा गेमिंग लॅपटॉप, विंडोजसकट. कंट्रोलरचे ५,०००, गेमचे ४०,०००, विजेचे सुमारे ७,००० मिळवले तर १,४२,००० मध्ये सगळं होतं. त्याची उणी बाजूही आहे. तो जड असतो, गेम चालू असताना पंख्याचा आवाज रूममेटला जागं ठेवतो, बॅटरी वर्गात लवकर उतरते, ग्राफिक्स कार्ड बदलता येत नाही आणि वॉरंटी संपल्यावर बोर्डची दुरुस्ती महाग पडते. म्हणून त्यावर वाढीव वॉरंटी घ्यावी आणि तीही बेरजेत धरावी. तरीही हॉस्टेलवरच्या विद्यार्थ्याला पैशाच्या दृष्टीने मी हाच सुचवेन.

फक्त फुकट गेम खेळणाऱ्याला मात्र यातलं काहीच लागू नाही. व्हॅलोरंट किंवा काउंटर-स्ट्राइकला एवढी ताकद लागत नाही, हलक्या ग्राफिक्स कार्डाचा पीसी भागवतो. फोर्टनाइट आणि रॉकेट लीगवर समाधानी असलेल्याला सिरीज एस पुरतो. नोव्हेंबर २०२० मध्ये तो ३४,९९० रुपयांना आला होता. आजचा भाव आणि उपलब्धता दुकानात विचारा.

पायरी ९: पैसे देताना

कन्सोलचं खोकं दुकानातच उघडून कंट्रोलर जोडून बघा. भारतीय वॉरंटीचं कार्ड आणि जीएसटीचं पक्कं बिल घ्या. पीसीच्या बाबतीत वॉरंटी प्रत्येक भागाची वेगळी असते: ग्राफिक्स कार्डाला बहुधा तीन वर्षं, चांगल्या एसएमपीएसला पाच किंवा त्याहून जास्त. म्हणून बिलावर प्रत्येक भागाचं नाव, मॉडेल आणि सिरियल नंबर वेगवेगळ्या ओळीत लिहून घ्या आणि सगळी खोकी ठेवून द्या. भाग बिघडला तर तो सर्व्हिस सेंटरला दुकानदार पाठवणार की तुम्ही, हे पैसे देण्याआधी विचारा. बिलाचा फोटो त्याच दिवशी फोनमध्ये काढून ठेवा, कारण थर्मल कागदावरची शाई दोन वर्षांत उडून जाते आणि कार्डाची वॉरंटी तीन वर्षांची असते.